दूध उतू जाईपर्यंतचं वाङ्मय

मी विनोदी लेखक आहे, असं माझं म्हणणं आहे. घरात या म्हणण्याला अजून अनुमोदक मिळालेला नाही. मागे एका दिवाळी अंकात माझा लेख छापून आला, तेव्हा मी नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याला घरी गेलो आणि ओट्यावर बसून तो आईला वाचून दाखवला. आई शेंगा फोडत होती. मी आवाज चढवला, उतरवला, जिथे हशा अपेक्षित होता तिथे थांबलो. त्या थांबण्यात फक्त शेंगा फुटल्याचे आवाज आले. लेख संपल्यावर तिने सुपातली टरफलं फुंकून उडवली आणि म्हणाली, ‘‘हसायचं कुठे ते आधी सांगायचं ना बाबा. मी आपली शेवटपर्यंत वाट पाहिली.’’

ही आई स्वतः गेली तीस-पस्तीस वर्षं लिहिते आहे, हे मला कुरडयांमुळे कळलं. गेल्या उन्हाळ्यात सोऱ्या सापडत नव्हता. ‘‘माळ्यावर बघ, पत्र्याच्या डब्यामागे,’’ असा हुकूम झाला. डब्यामागे सोऱ्या नव्हता. सुतळीने बांधलेला कालनिर्णयांचा गठ्ठा होता. १९९१ पासूनची सगळी वर्षं, एक पान न फाडलेली. आमच्याकडे जुन्या कॅलेंडरचं नशीब ठरलेलं असतं. पोरांच्या पुस्तकांना कव्हर, नाहीतर फडताळात डब्यांखाली. हे असं पोथीसारखं बांधून कुणी ठेवलं म्हणून मी सुतळी सोडली आणि तिथेच बसलो. खाली चीक शिजून घट्ट होत होता, आई हाका मारत होती. तासाभराने मी एकटाच हसत शिडी उतरलो, तेव्हा पत्र्याखालच्या उकाड्याने माझं डोकं फिरलं अशी घरात समजूत झाली आणि मला कांद्याचा रस लावण्यात आला.

कालनिर्णय म्हणजे काय ते मराठी वाचकाला सांगायला नको. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ते काढलं आणि मराठी घरातली एक खिळा मारलेली जागा कायमची त्यांच्या नावावर झाली. पानाच्या मागच्या बाजूला मान्यवरांचे लेख आणि पाककृती. पुढच्या बाजूला तारखांचे चौकोन, आणि त्या चौकोनात तिथी, नक्षत्र, एकादशी, चंद्रोदय हे सगळे शेवटच्या एसटीतल्या माणसांसारखे एकमेकांच्या मांडीवर बसलेले. या गर्दीत नखाएवढी जागा उरते. आई त्या नखावर लिहीत आलेली आहे. मागच्या बाजूला मान्यवर, पुढच्या बाजूला आई. महिनाभर भिंतीकडे तोंड करून कोण उभं असायचं, ते वाचकांनी पाहून घ्यावं.

सुरुवातीला वाटतं, हा दुधाचा हिशेब आहे. तो आहेच. ‘१ लि.’, ‘दीड लि.’, ‘खाडा’. पण खाड्याच्या दिवशी दुधाची जागा रिकामी राहते आणि मग तिथे वाङ्मय सुरू होतं.

‘पाऊस. गळतं ३ ठिकाणी. पातेली ४ लावली. एक कशाला लावलं आठवत नाही.’

‘पाहुणे ६ म्हणाले होते. ९ आले. वरणात पाणी.’ दुसऱ्या दिवशी : ‘गेले. वरण उरलं.’

‘मोठा गणितात नापास. ह्यांच्यावर गेला.’ पुढच्या वर्षी जूनमध्ये : ‘मोठा पास. माझ्यावर गेला.’

मोठा म्हणजे मी. हे म्हणजे अण्णा. आईने आयुष्यात त्यांचं नाव उच्चारलं ते फक्त लग्नातल्या उखाण्यात, आणि लिहिलं ते फक्त रेशन कार्डावर. बाकी सगळ्या साहित्यात ते सर्वनाम आहेत.

माझी सगळ्यात आवडती नोंद १९९६ च्या श्रावणातली. ‘सासूबाई बोलत नाहीत. घर शांत.’ त्याच्या पुढच्या सोमवारच्या चौकोनात एकच शब्द : ‘बोलल्या.’

त्या एका शब्दाकडे मी बराच वेळ पाहत बसलो. मला हा प्रसंग मिळाला असता तर मी त्याची चार पानं केली असती. सासूबाईंचं नाक, त्यांची तपकिरीची डबी, अबोल्याचा इतिहास, मग एक उपमा, मग त्या उपमेवर दुसरी उपमा. संपादकाने हजार शब्द मागितले की मी बाराशे देतो आणि वर रागावतो. आईला संपादक म्हणून संकष्टीचा चंद्रोदय लाभला होता. तो एका अक्षराला सरकून जागा देत नाही.

१९९९ साली कळवणचा भाग तोडून देवळा वेगळा तालुका झाला. गावात फटाके फुटले होते, मला आठवतं. आईच्या दप्तरी नोंद आहे : ‘देवळा तालुका झाला. नळाला पाणी नाही.’

आमच्या भागाला कसमादे म्हणतात. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा यांची पहिली अक्षरं. बाहेरच्या माणसाला ते एखाद्या औषधाचं नाव वाटतं. इथे डाळिंब आहे, मका आहे, विठेवाडीला साखर कारखाना उभा आहे, पण माणसाचा चेहरा ठरतो तो कांद्यावर. उन्हाळ कांदा चाळीत भरायचा आणि भावाची वाट पाहायची. चाळीत कांदा सडतो आणि घरात माणूस. उमराण्याच्या बाजारात आज काय फुटलं, हे ट्रॅक्टर परत येताना त्याच्या आवाजावरून आईला कळतं, असं ती सांगते. मी थट्टा समजत होतो. कॅलेंडरं वाचल्यावर विश्वास बसला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात भाव आणि मागणी यांचा आलेख असतो, इथे भाव आणि नवरा यांचा आहे. ‘कांदा ९००. हे जेवले नाहीत.’ ‘कांदा २१००. ह्यांनी जिलबी आणली. शेजारी पण दिली.’ ‘कांदा ३५०. जिलबीचं नाव काढू नये.’

२०२३ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क बसवलं आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. जिल्ह्यात लिलाव थांबले, शेतकरी महामार्गावर उतरले, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. मीही एक उपरोधिक स्फुट लिहून पाठवलं होतं. ते छापून यायच्या आत विषय जुना झाला. आईच्या चौकोनात त्या तारखेला शिसपेन्सिलीने लिहिलंय : ‘निर्यात बंद. भाजीत कांदा जास्त घालणे.’

शिसपेन्सिलीचं सांगायला हवं. कॅलेंडरच्या खिळ्यालाच ती दोऱ्याने टांगलेली आहे. बोटाच्या दोन पेरांएवढं थोटूक, टोक विळीवर काढलेलं, त्यामुळे ते एका बाजूने छिन्नीसारखं चपटं. कॅलेंडर शेगडीपासून हातभर अंतरावर, आणि लिहायची वेळ ठरलेली : दूध तापत ठेवल्यापासून ते वर येईपर्यंत. तेवढ्या वेळात दुसरं काम सुरू करता येत नाही आणि तिथून हलताही येत नाही. जगात ज्याला सक्तीचा रिकामा वेळ म्हणतात तो आईच्या वाट्याला दिवसातून दोनदा, चार-चार मिनिटं येतो. मी लेख लिहायला बसतो तेव्हा मला खोली लागते, पंखा लागतो, आणि ‘आत येऊ नका’ असं सांगायला एक बायको लागते.

या प्रांतातल्या बायकांनी सक्तीच्या वेळेचं असं सोनं पूर्वीपासून केलेलं आहे. पहाटे जात्यावर बसल्या की हात अडकलेले, तोंड मोकळं, आणि घरघर एवढी की पलीकडच्या खोलीतल्या सासूला शब्द कळू नये. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा केल्या, तर त्या एक लाखाच्या वर भरल्या. एक लाख! मराठीत एवढं लिहिलेला पुरुष मला माहीत नाही, आणि असलाच तर त्याने दळण तरी नक्कीच केलेलं नसणार. पुढे गावात गिरणी आली, जातं कोपऱ्यात उभं राहिलं आणि ओव्या थांबल्या. पण बोलणं थांबलं असं कुणी समजू नये. आमच्या गल्लीच्या टोकाला गिरणी आहे. तिथे पट्ट्याचा आवाज इतका, की सुनेची कागाळी हळू सांगताच येत नाही. ती ओरडून सांगावी लागते, आणि नेमकी त्याच वेळी वीज जाते. अर्धी वाक्यं मी तिथून ऐकून वहीत टिपली आहेत. उरलेली अर्धी वीज आल्यावर.

आता एक नाशिकची गोष्ट. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी नऊ तारखेला ‘श्यामची आई’ लिहायला घेतलं आणि तेराला पुरं केलं. पाच दिवसांत. दोन वर्षांनी ते छापून आलं आणि महाराष्ट्र तेव्हापासून रडतो आहे. अत्र्यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, म्हणजे रडण्याला सरकारी मान्यताही झाली. आणि त्याच काळात आमच्या जिल्ह्याची एक लेक आपल्या आठवणी लिहीत होती. लक्ष्मीबाई टिळक, जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला १९३४ मध्ये. एका मुलाने आईवर लिहिलं आणि घराघरात पदर डोळ्याला लागले. एका आईने स्वतः लिहिलं आणि लोक पोट धरून हसले. दोन्ही पुस्तकांत गरिबी आहे, दुखणी आहेत, मरणं आहेत. एवढंच नव्हे, लक्ष्मीबाईंच्या वाट्याला दुःख जरा जास्तच आलेलं आहे. सोवळ्याचं वेड लागलेले वडील, की बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. नवरा कवी, म्हणजे तिथेच अर्धं संपलं, त्यात हा कवी तापट, उधळा आणि मनात आलं की घर सोडून चालू लागणारा. १८९५ साली त्याने मुंबईत ख्रिस्ती धर्म घेतला, ते बायकोला मागाहून कळलं. यातून एखादीने विलापिका लिहिली असती तर आपण मान खाली घालून वाचली असती. लक्ष्मीबाईंना हसू येतं. नवऱ्याचं येतं, नातेवाइकांचं येतं, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचं. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी येऊन राहिले होते. उभ्या महाराष्ट्राला त्यांच्यात निसर्गकवी दिसला. लक्ष्मीबाईंना दिसलं ते घरातलं एक लहान मूल.

मला पूर्वी वाटायचं, ही त्यांची विनोदबुद्धी. आता वाटतं, हा बसायच्या जागेचा फरक आहे. मुलगा आईकडे पाहतो ते खालून, आणि पुष्कळदा ती गेल्यानंतर. आई पाहते ती शेगडीपाशी उभं राहून, आणि समोर सगळे जेवायला बसलेले असतात. जेवणाऱ्या माणसांकडे वरून पाहिलं की त्यांच्याविषयी फार काळ गंभीर राहणं अवघड असतं. श्यामने दगडावरून उतरताना तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला लुगड्याचे ओचे पसरायला लावले, तो प्रसंग वाचून मी शाळेत हुंदके दिले होते. आमच्या आईच्या कॅलेंडरात हाच प्रसंग असता तर एवढाच असता : ‘मोठ्याने पाय पुसायला लुगडं मागितलं. दिलं. परत धुतलं.’

हे मी आईला बोलून दाखवलं. ‘‘श्यामच्या आईचं नाव घेऊ नको,’’ ती म्हणाली. ‘‘तिचा श्याम वेळेवर घरी तरी यायचा.’’

लक्ष्मीबाईंनी हे सगळं लिहिलं कसं, त्यालाही एक मुलगाच कारण आहे. देवदत्त टिळकांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून मागितल्या. मागितलं बापाचं चरित्र, हाती आलं आईचं. नारायण वामन टिळकांविषयी आज ज्याला काही वाटतं त्याला ते बहुधा बायकोच्या पुस्तकामुळेच वाटतं. आणखी एक. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतलं आणि दहा-अकरा अध्यायांवर ते गेले. लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरं केलं. ज्या बाईला नवऱ्याने घरी बसून अक्षरं शिकवली तिने हे करावं, हे सांगताना माझा आवाज जरा चढला होता. आईला विशेष वाटलं नाही. ‘‘ह्यांनी गोठ्याची भिंत अशीच टाकली होती,’’ ती म्हणाली. ‘‘शेवटी मीच गवंडी बघितला.’’

तिकडे जळगावला बहिणाबाई चौधरींना अक्षरही येत नव्हतं. शेतात, चुलीपाशी त्या गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ती लिहून ठेवली म्हणून वाचली. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या, ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली आली, प्रस्तावना पुन्हा अत्र्यांचीच. म्हणजे सगळीकडे एक मुलगा आहे, उशिरा जागा झालेला, हातात वही घेतलेला. हे ध्यानात आल्यावर मला आपल्या आयुष्याचा हेतू एकदम स्पष्ट दिसला. मी आईसमोर बसलो आणि गंभीरपणे म्हणालो, ‘‘आई, मी तुझा सोपानदेव होणार.’’

आई लिहिते मराठीत, पण रागावते अहिराणीत. ‘‘गप बठ,’’ ती म्हणाली. ‘‘आधी दयन लई ये.’’

दळण आणायला मी गेलो. अशा वेळी गेलेलं बरं.

मुलाची वाट न पाहता, किंबहुना मुलाला कळू न देता लिहिणाऱ्याही आहेत, आणि तिथे आमच्या घरचा विनोद जरा गप्प होतो. फलटणच्या बेबी कांबळे किराणा दुकान चालवायच्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर बसून लिहायच्या आणि वह्या घरच्यांच्या नजरेआड दडवायच्या. अशी वीस वर्षं गेली. माल बांधून आलेल्या रद्दीतलं वाचत त्या वाचायला शिकत राहिल्या. ते लिखाण ‘जिणं आमुचं’ म्हणून १९८६ साली पुस्तकरूपाने आलं. तिथे दूध उतू जाण्याची भीती नव्हती, दुसरीच होती. तरीही उपाशीपोटी पोरांनी सणाला काय काय धमाल केली ते सांगताना त्यांची लेखणी मध्येच मिश्कील होते आणि वाचणाऱ्याला कळत नाही, की आता आपण हसलो ते बरं केलं की वाईट. बाया कर्वे यांनी आपल्या आत्मकथेला नावच ‘माझे पुराण’ दिलं. अण्णासाहेब कर्वे महर्षी झाले, भारतरत्न झाले, पण महर्षींच्या घरात तेलमीठ कुठून येतं हे पाहायला कुणीतरी लागतंच. ते पुराण महर्षींच्या आत्मवृत्ताशेजारी ठेवून वाचावं. एकाच संसाराच्या दोन वह्या आहेत, एक जमेची आणि एक खर्चाची.

पाककृती हा आईच्या साहित्यातला सगळ्यात गूढ विभाग. तो कॅलेंडरात मावत नाही म्हणून माझ्याच सहावीच्या इतिहासाच्या वहीच्या उरलेल्या पानांवर आहे. पानिपतच्या लढाईची कारणं संपतात तिथे बिबड्यांचं पीठ सुरू होतं. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं माप देऊन तीन पिढ्यांच्या सुनांवर उपकार केले. आईकडेही ‘रुचिरा’ आहे, तिला कव्हरही कालनिर्णयचंच आहे, पण तिचं स्वतःचं शास्त्र वेगळं. कुरडयांची कृती जशीच्या तशी उतरवतो : ‘गहू ३ दिवस भिजत. पाणी रोज बदलणे. चौथ्या दिवशी वाटून चीक काढणे. रात्रभर ठेवून वरचं पाणी टाकणे. जेवढा चीक तेवढं पाणी उकळणे, मीठ, हिंग. चीक सोडताना हलवत राहणे, थांबलं की गेलं. शिजला की नाही ते वासावर. वास लिहिता येत नाही. येशील तेव्हा दाखवते.’

कुणासाठी लिहिलं होतं, ते नाव नाही. बहीण तेव्हा दहा वर्षांची होती.

एवढं सगळं साहित्य माळ्यावर ठेवणं मला पाप वाटू लागलं. मी निवडक नोंदींचे मोबाइलवर फोटो काढले, आणि भिशीचा दिवस आला. भिशी आमच्याकडे होती. ओट्यावर आठ-दहा बायका, आई आत चहाला. मी म्हटलं, काकू, जरा गंमत ऐका. पातेल्यांची नोंद वाचली, खसखस पिकली. जिलबी वाचली, एकीने डोळे पुसले. ‘बोलल्या’ला तर एक मावशी भिंतीला टेकून हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘आमच्या अजून बोलतात.’’ माझ्या कुठल्याही लेखाला मिळाला नव्हता असा हशा. मी चढलो. पुढचा फोटो न पाहताच मोठ्याने वाचायला लागलो : ‘भिशी. समोरच्या काकूंकडे. चहा नावाला, दूध दाखवलेलं.’

समोरच्या काकू समोरच बसलेल्या होत्या.

ओट्यावर जी शांतता पसरली तिच्यात आतल्या स्टोव्हचा आवाज ऐकू आला. आई कपांचा ट्रे घेऊन दारात आली आणि सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून तिने काय ते ओळखलं. काकूंनी विचारलं, ‘‘कव्हानं शे ते?’’ मी खालच्या आवाजात वर्ष सांगितलं. २००३. काकूंनी क्षणभर आठवलं. आमच्या गल्लीतल्या बायकांची स्मरणशक्ती कोर्टात चालेल अशी आहे. ‘‘खरं शे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण त्या दिन दूध नासेल व्हतं. तीच भिशीना टाइमले. ते बी लिख.’’

आई आत गेली. माळ्यावरून गठ्ठा उतरवायला मलाच पाठवलं. २००३ चं कालनिर्णय आणलं, पान काढलं, खिळ्याची पेन्सिल सोडली, आणि वीस वर्षांपूर्वीच्या त्या चौकोनात, चतुर्थीच्या चंद्रोदयाच्या वर, सगळ्या भिशीच्या देखत तिने लिहिलं : ‘दूध नासलं होतं.’ काकूंनी चष्मा लावून ते तपासलं. मग चहा झाला.

मी अनेक संपादकांकडे शुद्धिपत्र मागितलेलं आहे. कुणी इतक्या तत्परतेने दिलेलं आठवत नाही.

त्या चहाबरोबर आणखी एक कळलं. आई एकटी नव्हती. एकीने सांगितलं, ती गॅसच्या कार्डावर लिहिते, सिलिंडर लागला ती तारीख आणि त्या दिवशी कोण कुणाशी भांडलं ते. एक लाइटबिलांच्या पाठीवर. एक मावशी लिहीतच नाहीत, त्या नाशिकला राहणाऱ्या लेकीला फोनवर आवाज भरून पाठवतात, नऊ-नऊ मिनिटांचा, आणि लेक तो दुप्पट वेगाने ऐकते. ‘‘तिला वाटतं मला समजत नाही,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘आता मी बोलतेच हळू.’’

एक नोंद मी भिशीत वाचली नाही. चैत्रातली आहे. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीच्या गडाला पायी जाणारे लोक आमच्या गावावरून जातात, झेंडे, डफ, पायांना फोड. रस्त्याच्या कडेला लोक पाणी, ताक घेऊन उभे असतात. आईही असते. त्या चौकोनात लिहिलंय : ‘गडाचे लोक. ताक २ घागरी. देताना रडू आलं. मीठ जास्त झालं.’

वर्ष १९९८. मी तेव्हा पुण्याला शिकायला होतो. घरात त्या सुमारास काय घडलं होतं ते मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘कांदा बरा होता त्या वर्षी.’’ बहिणीला विचारलं, तिला काही आठवेना. मग परत निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो. आई शेगडीपाशी होती, दूध ठेवलेलं. कॅलेंडरचं ते पान पुढे धरून मी विचारलं, ‘‘हे काय होतं?’’

तिने हात पदराला पुसले. पान हातात घेतलं, चष्मा नव्हता म्हणून लांब धरलं. वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यासमोर हातातलं काम सोडून ती पाटावर बसली. ‘‘त्याचं असं झालं,’’ ती म्हणाली, आणि थांबली. मी श्वास रोखून वाट पाहत होतो.

मागे दूध वर आलं.

त्यानंतर दहा मिनिटं शेगडी, ओटा, फरशी आणि मी, या क्रमाने पुसून निघालो. विषय परत निघाला नाही. सकाळी साडेसहाची गाडी होती. पिशवी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो तर पेन्सिल दोऱ्यावर अजून हलत होती. चौकोनात ताजी नोंद होती : ‘दूध उतू गेलं. १ लि. लेखकाकडून ६० घेणे.’